उगीच खेळलेला डाव जमेस धरावा का?

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

मराठीतला 'उगीच' आणि कन्नडमधला 'सुम्मने' हे दोन शब्द आपल्या बेळगावात दिवसातून किती वेळा कानी पडतात, याची मोजदाद कुणी केली नसेल. "काय रे, इकडे कुठे?" "उगीच." "याक बंदी?" "सुम्मने." एवढ्यावर प्रश्न मिटतो. उगीच केलेल्या गोष्टीचा हिशेब कुणी विचारीत नाही, आणि विचारलाच तर तो देण्याचे बंधनही आपल्यावर नसते. परंतु जगात एक खेळ असा आहे, की त्यात उगीच खेळलेल्या डावाचाही हिशेब द्यावा की नाही, या प्रश्नावर मोठमोठ्या संस्थांची वर्षानुवर्षे दोन मते होती. तो खेळ म्हणजे गोल्फ.

मित्रहो, गोल्फची काठी मी आजवर हातात धरलेली नाही, हे आधीच सांगतो. माझा संबंध आला तो या खेळाच्या हिशेबाशी. माझे मामा परगावी एका गोल्फ क्लबाच्या कचेरीत हिशेबनीस आहेत. गेल्या मे महिन्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे राहिलो आणि खेळाडूंनी पेटीत टाकलेली स्कोअर कार्डे संगणकात भरण्याचे काम केले. पहिल्या आठवड्यात ते आकडे मला निरर्थक वाटले. नंतर मात्र ध्यानात आले, की आपण वर्गात कीर्द-खतावणीचे जे नियम घोकतो, तेच येथे हिरवळीवर वावरत आहेत. म्हणून हा लेख.

प्रथम 'हँडिकॅप' म्हणजे काय ते पाहू. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आपण लहानपणी खेळत होतो, तेव्हा एखाद्याचा धाकटा भाऊ हट्ट करून खेळायला येई. त्याला आपण 'कच्चा लिंबू' करीत असू. तो बाद झाला तरी बाद नाही, त्याच्यावर राज्य नाही. ही सवलत दयेची होती. तिला मोजमाप नव्हते. कुस्तीत याच्या उलट रीत. आनंदवाडीच्या आखाड्यात पंच जोड पाहून कुस्ती लावतात. वजनात आणि ताकदीत फार फरक असेल तर कुस्ती लावीतच नाहीत. गोल्फने या दोहोंमधला मार्ग काढला. येथे तरबेज आणि नवखा एकत्र खेळू शकतात, आणि नवख्याला मिळणारी सवलत दशांश चिन्हापर्यंत मोजलेली असते. या मोजलेल्या सवलतीचे नाव हँडिकॅप.

गोल्फमध्ये चेंडू काठीने मारीत मारीत जमिनीतल्या खळग्यात घालायचा असतो. असे अठरा खळगे, म्हणजे 'होल', मिळून एक फेरी होते. ज्याला कमी फटके लागले तो जिंकला. प्रत्येक होलला तरबेज खेळाडूने किती फटके घ्यावेत ते ठरलेले असते, त्याला 'पार' म्हणतात. अठरा होलांचे पार बहुधा ७२ च्या आसपास येते. समजा, एकाचा हँडिकॅप १६ आणि दुसऱ्याचा ४ आहे. मग पहिल्याला दुसऱ्याकडून बारा फटक्यांची सूट मिळते. बारा अवघड होलांवर त्याचा एकेक फटका वजा धरला जातो. अशा रीतीने सामना बरोबरीचा होतो, आणि त्या दिवशी जो आपल्या नेहमीच्या खेळापेक्षा सरस खेळेल तो जिंकतो.

हा शब्द मुळात बाजारातला आहे, हे कळल्यावर वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला थोडा अभिमान वाटला. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता. दोघांना आपापल्या वस्तू बदलायच्या असत. कोणाच्या वस्तूची किंमत किती जास्त, म्हणजे वर किती पैसे पडावेत, हे तिसरा माणूस ठरवी. पैजेचे पैसे घेऊन सगळे टोपीत हात घालीत आणि हात बाहेर काढून सौदा मान्य की अमान्य ते दाखवीत. टोपीतला हात म्हणजे 'हँड इन कॅप'. त्याचेच पुढे हँडिकॅप झाले. अठराव्या शतकात तो शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला आणि तेथून इतर खेळांत आला.

शब्द नंतरचा, पण कल्पना जुनी. १६८७ साली एडिंबरो येथे टॉमस किंकेड नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या रोजनिशीत गोल्फविषयी टिपणे केली. असमान खेळाडूंचा सामना बरोबरीचा कसा करावा, याचाही विचार त्याने त्यात केला आहे. पूर्वी ही सूट खेळाडू आपसांत ठरवीत. दर होलला एक फटका, दोन होलांआड एक, असे सौदे होत. एकमेकांना ओळखणाऱ्यांत हे चालून गेले. परंतु आगगाडीने खेळाडू परगावी जाऊ लागले, तसे एका क्लबाचा आकडा दुसऱ्या क्लबात चालेना. देशभर एकच पद्धत आणण्याचा मान ब्रिटनमध्ये स्त्रियांकडे जातो. १८९३ साली लेडीज गोल्फ युनियन स्थापन झाली, आणि तिच्या पहिल्या मानद चिटणीस इझेट पिअर्सन यांनी सर्व क्लबांसाठी एकसारखी पद्धत बसविली. पुरुषांना हे जमायला आणखी बराच काळ लागला. अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशनने १९११ साली आपली राष्ट्रीय पद्धत स्वीकारली.

येथून पुढे दोन वाटा झाल्या, आणि 'उगीच'चा प्रश्न त्या वाटांच्या फाट्यावरच उभा आहे.

अमेरिकन पद्धत अशी, की खेळाडूने स्पर्धेत खेळो वा मित्रांबरोबर सहज खेळो, नियमाने खेळलेल्या प्रत्येक फेरीचा स्कोअर नोंदवावा. शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम दहा घेऊन त्यांच्या सरासरीवरून हँडिकॅप काढीत. नवी फेरी आली की सर्वांत जुनी गळून पडे. आपण सांख्यिकीच्या तासाला जिला चल सरासरी म्हणतो, तीच ही.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०२० पर्यंत जी पद्धत होती, तीत स्पर्धेतल्या स्कोअरला महत्त्व होते. तेथे सरासरी नव्हती, शिल्लक होती. खेळाडूच्या नावे एक हँडिकॅप असे. स्पर्धेत त्याने त्याहून चांगला खेळ केला, तर प्रत्येक फटक्यामागे त्याच्या वर्गाप्रमाणे ठरलेला अंश वजा होई. ठराविक मर्यादेबाहेर वाईट खेळ केला तर ०.१ मिळवले जाई. सहज खेळलेल्या फेऱ्यांना पुढे 'पूरक' म्हणून थोडी जागा मिळाली, तरी पद्धतीचा पाया स्पर्धा हाच राहिला. थोडक्यात, अमेरिकेत 'उगीच' जमेस धरले जाई. ब्रिटनमध्ये बहुतेक ते उगीचच राहत असे.

जगभर अशा सहा निरनिराळ्या पद्धती होत्या: अमेरिका, ब्रिटन-आयर्लंड, युरोप, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिना यांच्या. एकाच खेळाडूचा हँडिकॅप दोन देशांत दोन यायचा. जानेवारी २०२० मध्ये या सर्वांच्या जागी 'जागतिक हँडिकॅप पद्धत' आली. ब्रिटनमध्ये ती त्याच वर्षी नोव्हेंबरात लागू झाली. आपल्या देशात इंडियन गोल्फ युनियन ही १९५५ साली स्थापन झालेली संस्था हे काम पाहते, आणि मामांच्या कचेरीत मी जी कार्डे भरीत होतो ती या जागतिक पद्धतीप्रमाणेच.

तिचे गणित अवघड नाही. प्रत्येक मैदानाला दोन आकडे दिलेले असतात. पहिला 'कोर्स रेटिंग', म्हणजे निष्णात खेळाडूला त्या मैदानावर लागणारे फटके. दुसरा 'स्लोप रेटिंग', म्हणजे निष्णातापेक्षा सामान्य खेळाडूला ते मैदान किती जास्त जड जाते त्याचे माप. स्लोप ५५ ते १५५ या दरम्यान असतो आणि ११३ हा मध्यम मानला जातो. समजा, मैदानाचे कोर्स रेटिंग ७१.२ व स्लोप १२४ आहे आणि खेळाडूने ९२ फटके घेतले. ९२ मधून ७१.२ वजा केले की २०.८ उरतात. त्यांना ११३ ने गुणून १२४ ने भागावे. उत्तर येते १९.०. हा त्या फेरीचा फरक. मैदान सोपे असो वा अवघड, हा फरक एकाच मापाने मोजलेला असतो. निरनिराळ्या गावांतला माल एकाच वजनाने तोलावा, तसे हे आहे.

असे शेवटचे वीस फरक घ्यायचे, त्यांतले उत्तम आठ निवडायचे आणि त्यांची सरासरी काढायची. तो झाला 'हँडिकॅप इंडेक्स'. ५४ हून जास्त इंडेक्स कोणालाही मिळत नाही. एखाद्या होलला चेंडू झाडीत जाऊन अकरा फटके लागले, तरी हिशेबासाठी त्या होलला एक कमाल मर्यादा असते, म्हणजे एका दुर्दैवी होलने सगळी फेरी नासत नाही.

एक उदाहरण घेऊ. एका सभासदाचे उत्तम आठ फरक असे आहेत: १४.१, १४.६, १५.०, १५.३, १५.८, १६.२, १६.४ आणि १६.६. बेरीज १२४, सरासरी १५.५. हा त्यांचा इंडेक्स. वर सांगितलेल्या मैदानाचे पार ७२ धरले, तर १५.५ ला १२४ ने गुणून ११३ ने भागायचे आणि कोर्स रेटिंग व पार यांतला फरक मिळवायचा, म्हणजे येथे ०.८ वजा करायचे. उत्तर १६.२, म्हणजे त्या मैदानावर त्यांना सोळा फटक्यांची सूट. आता गंमत पाहा. आठांपैकी पहिले चारच आकडे १५.५ हून चांगले आहेत. याचा अर्थ वीस फेऱ्यांत केवळ चार वेळा, म्हणजे पाचांत एकदा, हे गृहस्थ आपल्या हँडिकॅपइतके खेळले. हँडिकॅप हा माणसाच्या नेहमीच्या खेळाचा आकडा नव्हे, तो त्याच्या कुवतीचा आकडा आहे. हे न समजल्यामुळे पुष्कळ सभासद "माझा हँडिकॅप चुकीचा काढला" म्हणून कचेरीत भांडायला येतात.

आता मूळ प्रश्न. एक दिवस असेच एक सभासद खिडकीशी आले. त्यांनी आदल्या दिवशी ८४ फटक्यांत फेरी पुरी केली होती आणि कार्ड पेटीत टाकले होते. ते मामांना म्हणाले, "ते कालचं कार्ड राहू द्या हो. उगीच खेळलो होतो. रविवारी स्पर्धा आहे." मामा म्हणाले, "साहेब, खेळ नियमाने झाला ना? सोबतच्या खेळाडूची सही आहे ना? मग कार्ड पेटीत पडलं की ते क्लबाचं झालं." साहेब नाराज होऊन गेले. मी विचारले, "मामा, एका कार्डाने असा काय फरक पडतो?" मामा चष्मा पुसत म्हणाले, "अरे, तू कॉमर्सचा ना? एक व्हाउचर फाडलं तर काय फरक पडतो, हे तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय?"

मी त्या रात्री खरोखरच हिशेब मांडून पाहिला. त्या सभासदांचे आकडे येथे छापणे बरे नाही, म्हणून वरचेच उदाहरण घेतो. ८४ फटक्यांचा फरक येतो ११.७. तो यादीत शिरला की १६.६ हा आठवा आकडा बाहेर पडतो. नवी बेरीज ११९.१ आणि इंडेक्स १४.९. त्या मैदानावर सूट किती? पुन्हा सोळाच! म्हणजे एका कार्डाने एक फटकाही बदलला नाही. साहेबांची काळजी व्यर्थ होती, आणि माझा प्रश्नही वरवर पाहता बरोबर होता.

परंतु लपविण्याची सवय एका कार्डावर थांबत नाही. समजा, त्याच खेळाडूने आपल्या पहिल्या चार चांगल्या फेऱ्या "उगीच खेळलो" म्हणून नोंदविल्याच नाहीत, त्यांच्या जागी यादीत आलेल्या जुन्या चार फेऱ्या साधारणच आहेत, आणि मधले पुढचे फरक १७.२, १७.४, १७.६ व १८.० असे आहेत. मग नवे उत्तम आठ मिळून बेरीज होते १३५.२ आणि इंडेक्स १६.९. सूट सोळाची अठरा झाली. दोन फटके! ज्या खेळात सामना पुष्कळदा एका फटक्याने जातो, त्यात दोन फटके म्हणजे समोरच्याच्या खिशात घातलेला हातच.

याच्या उलट प्रकारही मी पाहिला. दुसरे एक सभासद १०३ फटक्यांचे कार्ड हातात चुरगाळून म्हणाले, "हे काय नोंदवायचं? सरासरीत तर धरणारच नाहीत." वरवर हेही खरे. वाईट बारा फेऱ्या बेरजेत येत नाहीत. मग त्या नोंदवाव्यात कशाला? याचे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटले. वीस फेऱ्यांची ही यादी महिने उलटल्याने पुढे सरकत नाही; नवी नोंद झाली तरच जुनी नोंद बाहेर पडते. एखाद्याचा गुडघा दुखू लागला, खेळ उतरला आणि त्याने वाईट फेऱ्या नोंदवायचे सोडले, तर दोन वर्षांपूर्वीच्या चांगल्या फेऱ्या यादीत तशाच बसून राहतात. इंडेक्स दिसतो १२, खेळ असतो २० चा. चारचौघांत मान राहतो, पण प्रत्येक सामना हरतो, आणि जोडीच्या खेळात सोबत्यालाही बुडवतो. वाईट फेरीची रक्कम बेरजेत येत नसली, तरी वहीचे पान तीच उलटते.

स्पर्धेतलेच स्कोअर धरावेत या मताची अडचण येथेच आहे. वर्षाला चार स्पर्धा खेळणाऱ्याच्या वीस फेऱ्या भरायला पाच वर्षे लागतील. तोवर त्याचा आकडा म्हणजे लग्नातला फोटो. माणूस तोच, पण ओळख पटणे कठीण. तोच खेळाडू दर रविवारी सहज खेळत असेल आणि नोंद करीत असेल, तर वीस आठवड्यांत सगळी यादी ताजी होते.

तरीही ब्रिटिशांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही, आणि ते नीट मांडले पाहिजे. मित्रांच्या खेळात ढिलाई असते. चेंडू खळग्यापासून वीतभर अंतरावर आला की सोबती म्हणतो, "दिला!" आणि शेवटचा फटका मारलाच जात नाही. पहिला फटका बिघडला तर "घे रे दुसरा चेंडू" म्हणून परत मारू देतात. मोठी पैज नाही, नजर ठेवणारे कोणी नाही, मनावर ताण नाही. असा स्कोअर स्पर्धेतल्या स्कोअरच्या पंक्तीला कसा बसवायचा? आणि ज्याला आपला हँडिकॅप फुगवायचा आहे, तो स्पर्धेआधी दहा-बारा वाईट फेऱ्या सहज म्हणून खेळून नोंदवील, त्याचे काय? नवी पद्धत आल्यावर ब्रिटन-आयर्लंडमधल्या अनेक क्लबांतून हीच तक्रार झाली, की सहज फेऱ्यांच्या बळावर हँडिकॅप वाढवून लोक बक्षिसे नेतात.

नियमांनी यावर काही बंध घातले आहेत. फेरी गोल्फच्या नियमांनी खेळलेली हवी. तेव्हा दुसरा चेंडू घेऊन मारलेली फेरी बाद. बरोबर निदान एक माणूस हवा. एकट्याने खेळलेली फेरी चालत नाही. अमेरिकेत पूर्वी एकट्याची फेरीही चाले, ती २०१६ च्या जानेवारीपासून बंद झाली. सामन्यात 'दिलेल्या' फटक्याच्या जागी बहुधा जितके लागले असते तितके फटके धरून लिहायचे असतात. गेल्या वर्षभरातल्या आपल्या सर्वांत कमी इंडेक्सच्या वर ३ पर्यंत वाढ पूर्ण मिळते, त्यापुढची निम्मी, आणि एकंदर ५ हून जास्त वाढ मिळतच नाही. उलट, एखाद्याने आपल्या इंडेक्सहून ७ ने सरस फेरी खेळली तर त्याचा इंडेक्स आणखी १ ने कापला जातो. १० ने सरस असेल तर २ ने. शिवाय त्या दिवशी वारा-पावसामुळे सर्वांचेच स्कोअर बिघडले असतील, तर तेवढी सूट गणितातच मिळते. ती सूट ठरविताना मात्र त्याच दिवशी भरलेली कार्डे धरतात. आणि या सर्वांच्या वर क्लबाची हँडिकॅप समिती असते. कार्ड दडविणाऱ्याच्या नावे ती स्वतः एखादा स्कोअर लिहू शकते.

आता दोन देशांच्या रीतीत आज उरलेला फरक पाहा. अमेरिकेत अपेक्षा अशी, की मान्य होण्याजोगी प्रत्येक फेरी नोंदवावी, आधी सांगण्याची गरज नाही. ब्रिटनमध्ये सहज फेरी नोंदवायची असेल, तर पहिला फटका मारण्यापूर्वी तसे जाहीर करावे लागते. मग खेळ कसाही होवो, स्कोअर द्यायचाच. प्रथम मला या दोन रीती परस्परविरुद्ध वाटल्या. विचार केल्यावर दिसले, की दोघांचा रोख एकाच गोष्टीवर आहे. फेरी संपल्यावर, आकडा पाहून, "ही जमेस धरू, ती नको" असे म्हणण्याचा हक्क दोघेही खेळाडूला देत नाहीत. अमेरिकन म्हणतो, सगळे लिही. ब्रिटिश म्हणतो, लिहिणार की नाही ते आधी सांग. निकाल कळल्यानंतरची निवड दोघांनाही नामंजूर.

मला वाटते, सगळ्या वादाचे मर्म येथे आहे. सहज फेरी आणि स्पर्धेची फेरी यांतला फरक मोठा नाही. आधी ठरविणे आणि नंतर ठरविणे यांतला फरक मोठा आहे. व्यापारी नफ्याचे सौदे दुकानाच्या वहीत आणि तोट्याचे सौदे घरच्या वहीत लिहू लागला, तर दोन्ही वह्यांतली प्रत्येक ओळ खरी असूनही ताळेबंद खोटा निघतो. खोटा आकडा एकही न लिहिता खोटे बोलता येते, हे मला या कार्डांनी शिकविले. लेखापरीक्षकाला म्हणूनच लिहिलेल्या नोंदी तपासून भागत नाही. न लिहिलेल्या नोंदी शोधाव्या लागतात, आणि ते काम फार अवघड असते.

कोणी म्हणेल, हा माझा स्वतःचा आकडा आहे, मी काय वाटेल ते लिहीन. पण हँडिकॅप स्वतःजवळ ठेवायची वस्तू नव्हे. तो दाखवून आपण समोरच्याकडून फटके मागतो. बाजारात जशी पत, तसा गोल्फमध्ये हँडिकॅप. पत माझी असली तरी तिच्यावर माल देणारा दुसराच असतो. कधी न भेटलेला, दुसऱ्या गावचा, बहुधा आपल्यासारखाच साधा माणूस त्या आकड्यावर विश्वास ठेवून खेळायला उभा राहतो. त्याला आपले कार्ड कधीच दिसणार नाही. म्हणून तर ते खरे असले पाहिजे.

तेव्हा मला कोणी विचारले, की सहज खेळलेल्या फेरीचा स्कोअर द्यावा का, तर माझे उत्तर असे: नियमाने खेळला असाल, सोबत कोणी असेल आणि ते सही करणार असतील, तर द्यावा, चांगला असो वा वाईट. नुसती हात मोकळे करण्याची फेरी असेल, दोन-दोन चेंडू मारायचे असतील, मित्राच्या लहान मुलाला खेळ दाखवायचा असेल, तर देऊ नये. पण ते पहिल्या फटक्याआधी सोबत्याला सांगून टाकावे. जेथे प्रत्येक मान्य फेरी नोंदविण्याची रीत आहे, तेथे ही पळवाट म्हणून वापरू नये. माणसाला उगीच खेळण्याचा पुरेपूर हक्क आहे. आयुष्यात काही तास बिनहिशेबी असावेत, याच्याशी आमच्या शाखेचे प्राध्यापकही सहमत होतील. अट एवढीच, की कन्नड मित्रांच्या भाषेत सांगायचे तर 'सुम्मने' कोणते आणि 'लेक्क' कोणता, हे डाव मांडतानाच ठरलेले असावे. डाव संपल्यावर, आकडा पाहून जो 'सुम्मने' म्हणतो, त्याचा खेळ सहज नव्हता. त्याने मनात सगळा वेळ हिशेबच चालविला होता.